रक्ताची शुद्धी आणि माणसाची शुद्ध

मराठीत ‘शुद्ध’ ह्या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात. जे निर्मळ ते शुद्ध; आणि माणूस भानावर असला म्हणजे तो शुद्धीवर आहे असे आपण म्हणतो. ह्या दोन अर्थांची सांगड मूत्रपिंडांच्या विकारात जितकी घट्ट पडलेली दिसते, तितकी ती अन्यत्र क्वचितच दिसेल. मूत्रपिंडे थकली की रक्तात मळ साचू लागतो. आणि तो फार साचला की माणसाची शुद्ध हरपते. हे रक्त यंत्राने धुऊन काढण्याची जी विद्या गेल्या शतकात उभी राहिली, तिला आपण डायलिसिस म्हणतो. परिभाषाकारांनी तिला ‘अपोहन’ असे नाव दिले आहे. परंतु दवाखान्यात आणि घरात रुळला तो डायलिसिस हाच शब्द.

ह्या विद्येचा इतिहास बहुधा यंत्राचा इतिहास म्हणून सांगितला जातो. आज तो मी वृद्ध माणसाच्या बाजूने सांगणार आहे. ह्या यंत्राने वृद्धांना किती आयुष्य दिले, आणि त्या आयुष्यात त्यांची बुद्धी त्यांच्यापाशी किती राहिली, असे दोन प्रश्न त्यात आहेत. पहिल्या प्रश्नाचा हिशेब वैद्यकाने आरंभापासून ठेवला. दुसऱ्याचा हिशेब मांडावयास फार उशीर झाला.

आरंभ एका रसायनशास्त्रज्ञापासून करावा लागतो. टॉमस ग्रॅहॅम हा मूळचा ग्लासगोचा. पुढे तो लंडनमध्ये सरकारी टाकसाळीचा प्रमुख झाला. पातळ पडद्यातून काही द्रव्ये झिरपतात आणि काही अडतात, ह्या गोष्टीचा त्याने बारकाईने अभ्यास केला आणि १८६१ मध्ये ह्या क्रियेला डायलिसिस हे नाव दिले. चर्मपत्राच्या पडद्यातून मूत्रातील यूरिया वेगळा होतो हेही त्याने दाखवून दिले. मात्र ह्या क्रियेचा उपयोग माणसाच्या रक्तावर होईल अशी कल्पना करण्यास आणखी अर्धे शतक जावे लागले. १९१३ मध्ये अमेरिकेतील बॉल्टिमोर येथे जॉन एबल आणि त्याचे सहकारी ह्यांनी कुत्र्यांचे रक्त पडद्याच्या नळ्यांतून फिरवून पाहिले. रक्त गोठू नये म्हणून त्यांनी जळवांपासून काढलेले द्रव्य वापरले होते. १९२४ मध्ये जर्मनीत गीसेन येथे गेओर्ग हास ह्याने हा प्रयोग प्रथम माणसावर केला. तो अवघी पंधरा मिनिटे चालला. रोगी वाचवण्याइतके बळ त्या साधनात अद्याप आलेले नव्हते.

ते बळ आणले हॉलंडमधील एका तरुण डॉक्टरने. विलेम कोल्फ हा १९३८ मध्ये ग्रोनिंगेन येथील विद्यापीठाच्या रुग्णालयात उमेदवारी करीत होता. त्याच्या देखरेखीखाली असलेला बावीस वर्षांचा एक शेतकऱ्याचा मुलगा मूत्रपिंडे निकामी होऊन गेला, आणि ते त्या मुलाच्या आईला सांगण्याचे काम कोल्फकडे आले. ह्या मुलाच्या रक्तातून रोज थोडासा यूरिया काढता आला असता तर तो जगला असता, हा विचार तेव्हापासून त्याच्या मनातून गेला नाही. पुढे देश जर्मनांच्या ताब्यात गेला आणि कोल्फ कांपेन नावाच्या लहानशा गावी आला. तेथे युद्धाच्या टंचाईतही त्याने आपले यंत्र उभे केले. मांसाच्या कांड्या भरण्यासाठी खाटीक सेलोफेनची जी नळी वापरतात, तीच त्याने लाकडी पट्ट्यांच्या पिंपावर गुंडाळली. ते पिंप मिठाच्या द्रावणाने भरलेल्या टाकीत फिरत राही आणि नळीतून रोग्याचे रक्त वाहत असे.

१९४३ मध्ये त्याने ह्या यंत्रावर पहिला रोगी घेतला. त्यानंतरच्या दोन वर्षांत सोळा रोगी झाले. त्यांतील पंधरा दगावले, आणि जो वाचला तो यंत्रामुळेच वाचला असे खात्रीने म्हणता येईना. सतरावी रोगी सप्टेंबर १९४५ मध्ये आली. ती सदुसष्ट वर्षांची वृद्धा होती. युद्धात जर्मनांची बाजू घेतल्यामुळे ती कैदेत होती, आणि ती मेली तर गावातील पुष्कळांना त्याचे दुःख झाले नसते. ती बेशुद्धावस्थेत होती. कोल्फने तिच्या पूर्वायुष्याचा विचार न करता तिला यंत्रावर घेतले. काही तासांनी तिने डोळे उघडले. पहिल्याच बोलण्यात तिने आपण नवऱ्याशी घटस्फोट घेणार असल्याचे सांगितले, अशी हकीगत कोल्फ पुढे सांगत असे. तिने तो घेतलाही, आणि त्यानंतर ती काही वर्षे जगली.

ह्या हकीगतीवर श्रोते सहसा हसतात. परंतु तिच्यात एक महत्त्वाची गोष्ट आहे. कृत्रिम मूत्रपिंडाने वाचवलेली पहिली व्यक्ती वृद्ध होती, आणि यंत्र यशस्वी झाल्याची खूण रसायनशाळेच्या आकड्याआधी तिच्या तोंडच्या वाक्यातून मिळाली. तिला आपण कोण, आपला संसार कसा, आणि पुढे काय करावयाचे हे ठाऊक होते. तिचा प्राण परत आला आणि त्याबरोबर तिचा निश्चयही परत आला. म्हणजे ह्या विद्येच्या पहिल्या यशात आयुष्य आणि बुद्धी ह्या दोन्ही गोष्टी एकत्र होत्या.

कोल्फचे यंत्र तात्पुरत्या आजारासाठी होते. मूत्रपिंडे कायमची गेली असतील तर त्याचा उपयोग नव्हता. कारण प्रत्येक वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे, आणि वाहिन्या लवकरच संपून जात. ही अडचण अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथील बेल्डिंग स्क्रिब्नर ह्याने दूर केली. मार्च १९६० मध्ये त्याने क्लाइड शील्ड्‌स नावाच्या एकोणचाळीस वर्षांच्या कारागिराच्या हातात टेफ्लॉनची वळणदार नळी कायमची बसवली. रोहिणी आणि नीला ह्यांना जोडणारी ही नळी हवी तेव्हा यंत्राला लावता येई. शील्ड्‌स त्यानंतर अकरा वर्षे जगला. आतापर्यंत काही आठवड्यांत निश्चितपणे मरण आणणारा विकार आता माणसाबरोबर वर्षानुवर्षे राहू लागला.

पण यंत्रे थोडी आणि रोगी पुष्कळ. १९६२ मध्ये सिअ‍ॅटलला डायलिसिसचे स्वतंत्र केंद्र निघाले, तेव्हा कोणाला घ्यावयाचे हे ठरविण्यासाठी सात जणांची एक समिती नेमली गेली. तीत धर्मोपदेशक, वकील, बँकेतील अधिकारी, कामगारांचा पुढारी, गृहिणी असे निरनिराळ्या थरांतील लोक होते. रोग्याचे उत्पन्न, त्याची मुलेबाळे, त्याचा स्वभाव आणि समाजाला त्याचा होणारा उपयोग ह्या सर्वांचा विचार ही मंडळी करीत. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ‘लाइफ’ ह्या साप्ताहिकात ह्या समितीवर लेख आला आणि अमेरिकेत खळबळ उडाली. कोणी जगावे आणि कोणी मरावे हे ठरविण्याचा अधिकार सात जणांना कोणी दिला, असे लोक विचारू लागले. परंतु समितीपुढे नाव येण्यापूर्वीच एक चाळण लागून गेलेली असे, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. ती वयाची होती. पंचेचाळीस वर्षांवरील रोग्याचा विचारच करावयाचा नाही, असे डॉक्टरांनी आधीच ठरवून दिले होते. कांपेनची ती वृद्धा सतरा वर्षांनंतर सिअ‍ॅटलला आली असती, तर तिला दारातूनच परत पाठवले गेले असते.

हे दार पुढे कायद्याने उघडले. ऑक्टोबर १९७२ मध्ये अमेरिकेत एक कायदा झाला आणि मूत्रपिंडे निकामी झालेल्या जवळजवळ प्रत्येक रोग्याच्या उपचाराचा खर्च सरकारने उचलला. वयाची अट गळून पडली. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे शील्ड्‌ससारखी कामावर परत जाणारी मध्यमवयीन माणसे होती. प्रत्यक्षात हळूहळू वृद्धांची संख्या वाढत गेली. आज अमेरिकेत नव्याने डायलिसिस सुरू करणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक पासष्टीच्या पुढचे असतात. जे साधन तरुणांसाठी राखून ठेवलेले होते, ते अशा रीतीने वार्धक्याच्या उपचाराचा भाग झाले.

आणि नेमक्या ह्याच सुमारास एक अनपेक्षित आपत्ती पुढे आली. कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर येथे ॲलन आल्फ्री आणि त्याचे सहकारी ह्यांना काही रोग्यांत चमत्कारिक लक्षणे दिसू लागली. रोगी यंत्रावरून उठला की त्याची जीभ अडखळे. शब्द मनात असे, पण तोंडावाटे निघत नसे. प्रथम हे काही तासांत निवळे. पुढे ते टिकून राहू लागले. मग हातपाय मध्येच दचकत, झटके येत, स्वभाव पालटे, आणि शेवटी आपल्या माणसांची ओळखही राहत नसे. आरंभापासून काही महिन्यांत रोगी दगावे. १९७२ मध्ये डेन्व्हरच्या मंडळींनी ह्या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. डायलिसिसचा बुद्धिभ्रंश असेच नाव त्याला पुढे पडले. जे यंत्र शुद्ध परत आणण्यासाठी निघाले होते, त्याच्याच पाठोपाठ शुद्ध हिरावून नेणारा रोग आला.

कारण सापडावयास चार वर्षे गेली. १९७६ मध्ये आल्फ्रीने ह्या विकाराने मेलेल्यांचे मेंदू तपासले. त्यांच्या मेंदूच्या करड्या भागात ॲल्युमिनियम हा धातू भरलेला होता. त्याचे प्रमाण डायलिसिसवरील इतर रोग्यांच्या चौपटीच्या जवळ आणि मूत्रपिंडे चांगली असलेल्या माणसांच्या दहापटीहून अधिक होते. हा धातू येत होता दोन वाटांनी. रक्तातील फॉस्फेट कमी करण्यासाठी रोग्यांना ॲल्युमिनियमच्या गोळ्या दिल्या जात, ही एक वाट. आणि दुसरी, अधिक धोक्याची वाट पाण्याची. गढूळ पाणी निवळण्यासाठी आपल्याकडे घागरीत तुरटी फिरवितात. शहरांच्या जलशुद्धीकरणातही ॲल्युमिनियमचा तोच क्षार टाकतात. आपण ते पाणी पितो, पण त्यातील धातू आतड्याच्या भिंतीतून फारसा आत येत नाही, आणि जो येतो तो मूत्रपिंडे बाहेर टाकतात. डायलिसिसवरील माणसाला हे दोन्ही पहारेकरी राहिलेले नसतात. एका बैठकीत त्याचे रक्त पडद्याच्या पलीकडील सुमारे एकशेवीस लिटर द्रावणाशी सलगी करते. अशा तीन बैठका आठवड्यात होतात. पाण्यात अत्यल्प असलेले द्रव्यही अशा रीतीने रक्तात साचत जाते. ब्रिटनमध्ये न्यूकॅसलच्या रुग्णांतही असाच अनुभव आला होता. तेथे हाडे ठिसूळ होणे आणि बुद्धी जाणे ह्या दोन व्याधी हातात हात घालून आल्या होत्या.

उपाय कळल्यावर तो साधा होता. डायलिसिसचे पाणी विशेष पडद्यांतून गाळून क्षारविरहित करावयाचे आणि ॲल्युमिनियमच्या गोळ्या बंद करावयाच्या. हे झाले तेथे तो रोग नाहीसा झाला. तथापि पहारा ढिला पडला की तो परत येतो हेही दिसले. १९९६ मध्ये कॅरिबियन समुद्रातील क्युरसाव बेटावर पाण्याच्या नव्या नळाला आतून सिमेंटचा लेप दिला होता. त्यातून ॲल्युमिनियम पाण्यात उतरले आणि डायलिसिस केंद्रातील दहा रोगी प्राणास मुकले. आज प्रत्येक चांगल्या केंद्राच्या मागच्या खोलीत पाणी गाळण्याची जी यंत्रणा गुरगुरत असते, तिच्यामागे हा इतिहास आहे.

आता आपल्या देशातील एका प्रसिद्ध रोग्याकडे वळू. आणीबाणीत अटकेत असताना जयप्रकाश नारायण ह्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. नोव्हेंबर १९७५ मध्ये त्यांची सुटका झाली आणि त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणण्यात आले. तेव्हा त्यांचे वय त्र्याहत्तर होते. तेथून पुढे डायलिसिस त्यांच्या आयुष्याचा भाग झाले. त्यांच्यासाठी यंत्र घेता यावे म्हणून लोकांनी देशभर वर्गणी गोळा केली. १९७७ च्या जानेवारीत जनता पक्ष उभा राहिला, मार्चमध्ये राजघाटावर नव्या खासदारांनी शपथ घेतली, आणि ह्या सर्व घडामोडींच्या मध्यभागी जे वृद्ध गृहस्थ होते, त्यांचे रक्त आठवड्यातून अनेक तास यंत्रातून फिरत होते. त्याच वर्षीच्या मे महिन्यात ते उपचारासाठी सिअ‍ॅटलला जाऊन आले. ज्या शहरात पंधरा वर्षांपूर्वी पंचेचाळिशीची मर्यादा होती, त्याच शहरात पंचाहत्तरीकडे झुकलेल्या रोग्याचे स्वागत झाले. १९७९ च्या मार्चमध्ये त्यांच्या निधनाची चुकीची वार्ता लोकसभेत सांगितली गेली, तेव्हा ते जसलोकमध्ये जिवंत होते. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यास त्यांचे देहावसान झाले. डायलिसिसने त्यांना जवळजवळ चार वर्षे दिली; आणि त्या वर्षांत देशाच्या राजकारणाने जे वळण घेतले, ते त्यांच्या सल्ल्यावाचून घेतले गेले नाही. वय अधिक म्हणून दार बंद करणे किती चुकीचे होते, ह्याचा ह्याहून स्पष्ट दाखला आपल्याला शोधावा लागणार नाही.

परंतु एका असामान्य माणसाच्या उदाहरणावरून सर्वांचे अनुमान करता येत नाही. पाणी स्वच्छ झाले, ॲल्युमिनियमचा रोग ओसरला, तरीही डायलिसिसवरील वृद्धांच्या बुद्धीला काहीतरी होत असल्याचे त्यांच्या घरच्यांना जाणवत होते. औषधाची वेळ विसरणे, हिशेबात चुकणे, सांगितलेली गोष्ट पुन्हा विचारणे, नेहमीच्या कामाचा क्रम न लागणे, अशी ती लक्षणे. ती वयाची म्हणून सोडून दिली जात. २००६ मध्ये अमेरिकेतील मिनिआपोलिसच्या परिसरातील एक पाहणी प्रसिद्ध झाली. ॲन मरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डायलिसिसवरील पंचावन्न वर्षांवरील ३३८ रोग्यांची स्मरणशक्ती, भाषा, आणि बेत आखून तो पार पाडण्याची शक्ती नीट तपासली. बुद्धी पूर्णपणे ठीक असलेले रोगी शेकडा १३ हूनही कमी निघाले. शेकडा ३७ जणांची बुद्धी गंभीर प्रमाणात क्षीण झाली होती. आणि ह्या सर्व रोग्यांच्या दवाखान्यातील कागदपत्रांत बुद्धिदौर्बल्याची नोंद होती ती शेकडा तिघांच्याही नावे नव्हती. आठवड्यातून तीन वेळा जी माणसे डॉक्टरांच्या दृष्टीसमोर येत, ज्यांच्या रक्ताचा थेंब न्‌ थेंब मोजला जाई, त्यांच्या बुद्धीकडे कोणी पाहिले नव्हते.

असे का होते? ह्याला एकच कारण नाही. ज्या मधुमेहाने आणि रक्तदाबाने मूत्रपिंडातील बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, तेच विकार मेंदूतील बारीक वाहिन्याही खराब करतात. अर्थात पुष्कळ रोग्यांचा मेंदू डायलिसिसपूर्वीच दुखावलेला असतो. शिवाय निरोगी मूत्रपिंडे आठवड्याचे १६८ तास काम करतात. यंत्राला तेच काम बारा तासांत उरकावयाचे असते. एवढे पाणी इतक्या घाईने अंगातून काढले की रक्तदाब उतरतो, आणि मेंदूचा रक्तपुरवठा मंदावतो. २०१८ मध्ये ग्रोनिंगेन येथील संशोधकांनी पासष्ट वर्षांवरील बारा रोग्यांच्या मेंदूतील रक्तप्रवाह प्रत्यक्ष डायलिसिस चालू असताना मोजला. तो सरासरीने दहा टक्क्यांनी घटत असल्याचे आढळले. ज्या शहरात कोल्फला ह्या यंत्राचे स्वप्न पडले, त्याच शहरात ऐंशी वर्षांनी त्या यंत्राच्या दुसऱ्या बाजूचे मोजमाप झाले. ह्यावर काही तोडगेही निघत आहेत. द्रावणाचे तापमान शरीराहून अर्ध्या अंशाने कमी ठेवले तर रक्तदाब कमी डळमळतो. आणि वर्षभर असे केलेल्या रोग्यांच्या मेंदूतील पांढऱ्या भागाची हानी टळल्याचे ब्रिटनमधील एका प्रयोगात २०१५ मध्ये दिसून आले.

आता आयुष्याचा प्रश्न. बुद्धी आणि आयुष्य ह्या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत असे आपण समजतो. पण डायलिसिसवर त्यांचे नाते फार जवळचे आहे. अमेरिकेतील अडीच लाखांहून अधिक रोग्यांच्या नोंदी तपासून २००६ मध्ये एक निष्कर्ष मांडला गेला. बुद्धिभ्रंश नसलेल्यांपैकी शेकडा ६६ रोगी दोन वर्षांनंतर हयात होते; बुद्धिभ्रंश झालेल्यांपैकी मात्र शेकडा २४ च. वय आणि इतर व्याधी जमेस धरूनही हा फरक उरतो. कारण डायलिसिस केवळ यंत्रावर चालत नाही. पाणी मोजून प्यावे लागते, फळे आणि मीठ जपून खावे लागते, दहाबारा गोळ्या वेळच्या वेळी घ्याव्या लागतात, हातातील नाडीजोड जपावी लागते. हे सर्व स्मरणशक्तीच्या बळावर चालते. ती गेली की उपचाराचा निम्मा आधार जातो.

२००९ मध्ये आणखी एक पाहणी प्रसिद्ध झाली. ती वाचून अनेक डॉक्टर अंतर्मुख झाले. अमेरिकेतील शुश्रूषागृहांत राहणाऱ्या ३,७०२ वृद्धांचे डायलिसिस सुरू झाल्यानंतरचे पहिले वर्ष तीत पाहिले होते. वर्षभरात शेकडा ५८ जण मरण पावले. जेवणे, कपडे घालणे, उठणे-बसणे ही कामे पूर्वीइतकी करू शकणारे केवळ शेकडा १३ उरले. त्याआधी दोन वर्षे ब्रिटनमधील एका अभ्यासात असे दिसले होते की, पंचाहत्तरीपुढच्या ज्या रोग्यांना हृदयविकारासारख्या इतर व्याधी फार असतात, त्यांना डायलिसिसने आयुष्य वाढल्याचा लाभ जवळजवळ मिळत नाही. हे शुश्रूषागृहातील आणि अनेक व्याधींनी जर्जर झालेल्या लोकांचे आकडे आहेत. ते घरात हिंडत्या-फिरत्या वृद्धाला लावू नयेत. पण डायलिसिस म्हणजे हमखास वाढलेले आयुष्य असे समजणेही ह्यांनंतर शक्य राहिले नाही.

ह्या सगळ्या इतिहासातून माझ्या मते एकच गोष्ट उरते. १९६२ मध्ये वृद्धांना न विचारता नकार दिला जात होता. आज पुष्कळदा त्यांना न विचारता होकार दिला जातो. दोन्ही वेळा निर्णय दुसऱ्यांचाच. आपल्या घरांत तर हे फार सहज घडते. डॉक्टर मुलाशी बोलतात, मुलगा भावांशी बोलतो, खर्चाचा मेळ बसतो, आणि आजोबांना सांगितले जाते ते एवढेच की उद्या सकाळी लवकर निघावयाचे आहे. ह्यात प्रेमाचा अभाव नसतो. किंबहुना प्रेमापोटीच हे केले जाते. पण त्या माणसाला काय हवे हे विचारण्याची जी वेळ असते ती हातातून निसटते, आणि बुद्धी मंदावल्यावर ती वेळ परत येत नाही.

म्हणून हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. मूत्रपिंडे एका दिवसात निकामी होत नाहीत; बहुतेकांना महिने, कधी वर्षे मिळतात. त्या काळात वडिलांशी, आईशी स्वस्थपणे बोलावे. तुम्हांला कशासाठी जगावयाचे आहे, काय सोसण्याची तयारी आहे, आणि पुढे आम्हांला ओळखेनासे झालात तर काय करावे, हे विचारणे कठीण आहे. पण ते अशुभ नाही. अमेरिकेतील मूत्रपिंडतज्ज्ञांच्या संघटनेने २००० मध्ये आणि पुन्हा २०१० मध्ये काढलेल्या मार्गदर्शनात असे सुचविले आहे की, लाभाविषयी शंका असेल तेथे डायलिसिस ठराविक मुदतीसाठी सुरू करावे, आणि मुदत संपल्यावर सर्वांनी मिळून पुन्हा विचार करावा. ज्यांना डायलिसिस नको असते, त्यांनाही औषधे, आहार आणि वेदनाशमन ह्यांची पूर्ण सेवा मिळू शकते. ते उपचाराविना टाकून दिलेले रोगी नव्हेत.

आणखी एक लहानशी परंतु उपयोगी गोष्ट. मरी ह्यांच्याच दुसऱ्या अभ्यासात, २००७ मध्ये, असे दिसून आले की रोग्याची बुद्धी सर्वांत मंद असते ती प्रत्यक्ष यंत्रावर असताना, आणि सर्वांत तरतरीत असते ती बैठकीच्या थोडी आधी किंवा दुसऱ्या दिवशी. आणि डॉक्टर रोग्याशी बोलतात ते बहुधा तो यंत्रावर असतानाच. नवे औषध, बदललेले पथ्य, महत्त्वाचा निर्णय हे सर्व त्याच्या कानावर नेमके नको त्या वेळी पडते. घरातील माणसांनी ही वेळ बदलून घेतली, तर त्याला काही खर्च येत नाही.

२०१६ मध्ये भारत सरकारने राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला, आणि जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयांत गरिबांना हा उपचार विनामूल्य मिळू लागला. सिअ‍ॅटलच्या समितीपुढे ज्या प्रकारची माणसे कधीच उभी राहू शकली नसती, ती आज एस. टी.ने येऊन यंत्रावर बसतात. ही गोष्ट लहान नव्हे. तेथे रोग्याच्या तक्त्यावर वजन लिहितात, रक्तदाब लिहितात, काढलेले पाणी लिहितात. त्याच तक्त्यावर आणखी एक रकाना असावा: आज हे गृहस्थ, ह्या बाई, नेहमीसारख्या बोलल्या काय? कांपेनच्या रुग्णालयात १९४५ मध्ये कोल्फने हेच प्रथम ऐकले होते.